फ्रँचायझी घेताना वकिलाची मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करारनामा छापील असतो, सगळ्यांना तोच. मग वकील करून काय बदलणार?

मुख्य मजकूर सहसा हलत नाही, हे खरं. शंभर आउटलेटना शंभर वेगळे करार फ्रँचायझी देणाऱ्या कुठल्याच कंपनीला नको असतात आणि तिच्या जागी ते बरोबरही आहे. त्यामुळे वकील केला की करार आपल्या बाजूचा होईल, ही अपेक्षा सोडून द्या. वकिलाचं पहिलं काम वेगळं आहे. धंदा चालला नाही तर तुमच्या हातून नेमकं काय काय जाईल, हे त्याने सही होण्याआधी तुम्हाला सांगायचं असतं. धंदा चालला तर करारनामा कपाटातच पडून राहतो. तो बाहेर निघतो तो वाईट दिवशी, आणि त्या दिवसासाठीची कलमं कंपनीच्या वकिलाने आधीच लिहून ठेवलेली असतात.

तरीही थोडं हलतं. मूळ कराराला हात न लावता कंपन्या पूरक पत्र किंवा परिशिष्ट द्यायला तयार होतात. त्यात काय मागावं? जागा मंजूर झाली नाही तर भरलेले पैसे परत, चूक दुरुस्त करायला ठरावीक मुदत, वैयक्तिक हमीला रकमेची मर्यादा, तुमच्या प्रदेशाचा नकाशा, आणि तुम्हाला काही झालं तर वारसांना धंदा चालवायचा किंवा विकायचा हक्क. यातल्या दोन गोष्टी मिळाल्या तरी वकीलफी वसूल झाली असं समजा. एकही मिळाली नाही आणि ‘आमच्याकडे असं काही देत नाहीत’ एवढंच उत्तर आलं, तर पुढची दहा वर्षं या माणसांशी बोलणं कसं असेल याचा अंदाज तरी आला.

वकिलाकडे नेमकं कधी जायचं?

टोकन देण्याआधी. बहुतेक लोक करारनामा हातात आल्यावर जातात, आणि तोवर पैसे गुंतलेले असतात. कंपनी आधी एक दोन पानी लेटर ऑफ इंटेंट (इरादापत्र) देते. ‘हे बंधनकारक नाही’ असं वर लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’. म्हणजे बंधन तुमच्यावर आहे, कंपनीवर नाही. अशा पत्रात वकील एक वाक्य घालायला सांगेल: अंतिम करारनामा वकिलाने पाहून मान्य केला नाही, तर अमुक दिवसांत रक्कम परत. हे वाक्य पैसे भरायच्या आधी मिळतं, नंतर नाही.

‘शनिवारपर्यंत टोकन दिलं नाही तर तुमचा एरिया दुसऱ्याला जाईल’ असा फोन येतोच. जाऊ दे. जो ब्रँड वकिलाने कागद वाचायला आठवडाभर थांबत नाही, तो रॉयल्टीचा, म्हणजे ब्रँड वापरल्याबद्दल कंपनीला द्यायच्या हिश्श्याचा, हप्ता थकल्यावर किती थांबेल?

कोणत्या प्रकारचा वकील हवा? घराचे कागद पाहणारे ओळखीचे वकील चालतील का?

व्यावसायिक करार रोज हाताळणारा हवा. फ्रँचायझी करारात ट्रेडमार्क, भाडेकरार, स्पर्धाबंदी (तसाच धंदा न करण्याची अट), लवाद (वाद न्यायालयाबाहेर पंचाकडून सोडवणं) आणि कर एकाच कागदात गुंतलेले असतात. जमिनीचे कागद उत्तम वाचणारा माणूस इथे सगळं पकडेलच असं नाही. पहिल्या भेटीत सरळ विचारा: तुम्ही आधी फ्रँचायझी करार पाहिलेत का, आणि कोणाच्या बाजूने? कायम कंपन्यांच्या बाजूने काम करणारा वकील वाईट नसतो, उलट त्याला खाचाखोचा जास्त माहीत असतात. फक्त याच कंपनीशी किंवा तिच्या स्पर्धकाशी त्याचा संबंध नाही, हे लेखी घ्या.

ओळखीच्या वकिलांना मात्र सोडू नका. जागेचा भाडेकरार तेच चांगला पाहतील.

कंपनीच म्हणते, ‘आमचे वकील तुम्हाला सगळं समजावून सांगतील.’

ऐकून घ्या, चहा प्या, आणि स्वतःच्या वकिलाकडे जा. तो वकील कंपनीचा आहे. फ्रँचायझी जुळवून देणाऱ्या एजंटाचंही तेच. त्याला दलाली तुमच्या सहीवर मिळते.

कायदा फ्रँचायझी घेणाऱ्याला काही संरक्षण देतो का?

तुम्ही कुठल्या देशात सही करता यावर ते अवलंबून आहे, आणि फरक मोठा आहे.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय संस्थेचा फ्रँचायझी नियम 1979 पासून लागू आहे आणि 2007 मध्ये तो सुधारला गेला. त्यानुसार कंपनीला 23 कलमांचा माहिती-दस्तऐवज द्यावा लागतो, तोही सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी. पण या नियमाचा भंग झाला म्हणून फ्रँचायझी घेणाऱ्याला त्या नियमाखाली थेट दावा लावता येत नाही. त्यासाठी राज्याचे कायदे शोधावे लागतात. यातला पहिला राज्य-कायदा 1970 मध्ये कॅलिफोर्नियाने केला. कॅनडातल्या ओंटारिओचा 2000 सालचा कायदा जास्त धारदार आहे. दस्तऐवज दिलाच नाही तर करार केल्यापासून दोन वर्षांच्या आत तो रद्द करता येतो. उशिरा किंवा अपुरा दिला तर मिळाल्यापासून 60 दिवसांत. ऑस्ट्रेलियात बंधनकारक फ्रँचायझी आचारसंहिता आहे आणि नव्या करारावर सही केल्यानंतरही 14 दिवसांत माघार घेता येते. फ्रान्समध्ये 1989 च्या कायद्याने 20 दिवस आधी माहिती देणं सक्तीचं केलं. मलेशियाच्या 1998 च्या कायद्यात फ्रँचायझीची सरकारदरबारी नोंदणी लागते आणि सहीनंतर किमान सात कामकाजी दिवसांचा फेरविचाराचा काळ मिळतो.

ब्रिटनमध्ये मात्र फ्रँचायझीसाठी खास कायदा नाही. तिथे ब्रिटिश फ्रँचाइझ असोसिएशनसारख्या संस्थांचं स्वनियमन आणि करारांचा सर्वसाधारण कायदा यांवर भागवलं जातं. भारतातही वेगळा फ्रँचायझी कायदा नाही. 1872 चा करार कायदा, 1999 चा ट्रेडमार्क कायदा, 1996 चा लवाद कायदा अशा तुकड्यांतून संरक्षण गोळा करावं लागतं. माहिती-दस्तऐवज देण्याची सक्ती नाही, माघारीची मुदतही नाही.

यातून निघणारा अर्थ साधा आहे. कायदा जिथे कमी बोलतो तिथे करारनाम्यालाच सगळं बोलावं लागतं, म्हणून तिथे वकिलाची गरज जास्त. गंमत अशी, की नेमक्या अशाच ठिकाणी लोक ‘सगळे असंच करतात’ म्हणून सही करून मोकळे होतात.

सक्ती नसेल तर कंपनीकडून माहिती कशी काढायची?

मागायची. अमेरिकन दस्तऐवजाची कलमं प्रश्नावलीसारखी वापरता येतात, सही कुठल्याही देशात होत असो. तिसऱ्या कलमात कंपनीवरचे खटले असतात, चौथ्यात दिवाळखोरी, सातव्यात सुरुवातीच्या एकूण गुंतवणुकीचा अंदाज. एकोणिसाव्यात कमाईचे आकडे असतात, तेही कंपनीने द्यायचं ठरवलं तरच. विसावं कलम माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. त्यात किती आउटलेट उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली याचा हिशेब असतो आणि सोडून गेलेल्यांचा संपर्कही. एकविसाव्यात लेखापरीक्षित ताळेबंद.

तुमच्या वकिलाकडून हीच माहिती मागणारं पत्र पाठवा. उत्तर लेखी आलं तर पुढेमागे तोच पुरावा होतो. आणि सोडून गेलेल्या दोघांना तरी फोन करा. चालू असलेल्यांचे नंबर कंपनी आनंदाने देते. सोडून गेलेल्यांचे मागितले की आवाज बदलतो.

‘दीड वर्षात पैसे वसूल’ असं मार्केटिंगवाल्याने तोंडी सांगितलंय. ते धरून चालायचं का?

नाही. कारण करारनाम्याच्या शेवटच्या पानांत कुठेतरी असं एक कलम असतं:

‘सदर करारनामा हा उभय पक्षांमधील संपूर्ण करार असून, यापूर्वी झालेली सर्व तोंडी अथवा लेखी बोलणी, आश्वासने व अंदाज रद्दबातल समजण्यात येतील. फ्रँचायझी घेणाराने आपल्या स्वतंत्र निर्णयबुद्धीने करार केला असून उत्पन्नाविषयीच्या कोणत्याही आश्वासनावर तो विसंबलेला नाही.’

दुसरं वाक्य पुन्हा वाचा. सही करताना तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देता, की मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. फसवणूक किंवा चुकीचं निवेदन सिद्ध झालं तर अनेक देशांत न्यायालय अशा कलमापलीकडेही पाहतं. भारतीय करार कायद्यातही फसवणुकीने झालेला करार रद्द करता येतो. पण सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून जे आश्वासन तुमच्या निर्णयाचा पाया आहे, ते ईमेलवर मागा आणि परिशिष्टात घाला. मार्केटिंगवाल्याचे वॉट्सअॅप मेसेज आणि प्रेझेंटेशनही जपून ठेवा, डिलीट करू नका.

वैयक्तिक हमी म्हणजे काय? मी तर कंपनी काढून फ्रँचायझी घेतोय.

खासगी मर्यादित कंपनी काढण्याचा हेतूच हा, की धंदा बुडाला तर घर वाचावं. वैयक्तिक हमीची सही केलीत की ती भिंत तुम्हीच पाडली. करारनामा तुमच्या कंपनीच्या नावे असतो, पण त्याला जोडलेल्या दोन पानी हमीपत्रात तुमच्या कंपनीची सगळी देणी स्वतःच्या मालमत्तेतून भरण्याचं तुम्ही कबूल करता. कधीकधी जोडीदाराचीही सही मागतात.

आता ‘सगळी देणी’ म्हणजे किती? थकलेली रॉयल्टी तर आलीच. अनेक करारांत मुदतीआधी बंद केलं तर उरलेल्या वर्षांची अंदाजित रॉयल्टीही भरपाई म्हणून मागितलेली असते. दहा वर्षांचा करार, तिसऱ्या वर्षी दुकान बंद, तर न झालेल्या विक्रीवरची सात वर्षांची रॉयल्टी. भारतात करार कायद्याच्या कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, न्यायालय तिच्या आतली वाजवी भरपाई देतं. पण नोटिशीत आकडा पूर्णच येतो, आणि नोटीस वाचून माणूस घाबरतो तो त्या आकड्याला.

हमी टाळता आली तर उत्तम. नाहीतर तिला रकमेची मर्यादा घाला, ठरावीक वर्षांनी ती संपेल असं लिहून घ्या, आणि धंदा दुसऱ्याला विकल्यावर तुमची हमी सुटते की नाही हे स्पष्ट करून घ्या. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. माणूस धंदा विकून मोकळा होतो आणि हमी नव्या मालकाच्या देण्यांसाठीही चालू राहते.

रॉयल्टी हा सीएचा विषय ना?

आकडा सीएचा, शब्द वकिलाचा. रॉयल्टी जवळजवळ नेहमी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. समजा 100 ची विक्री झाली. माल, पगार, भाडं, वीज वजा जाऊन 12 उरले. त्यातून 6 रॉयल्टी आणि 2 जाहिरात निधी गेला, हातात 4. उद्या खर्च 4 ने वाढला की हातात शून्य, कंपनीचे 8 मात्र शाबूत.

वकील इथे ‘विक्री’ची व्याख्या पाहतो. त्यात कर धरलाय का? परत आलेला माल, सवलतीची रक्कम, डिलिव्हरी अॅपचं कमिशन? कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या सवलतीवरही पूर्ण किमतीची रॉयल्टी लागते का? किमान रॉयल्टी ठरलेली आहे का, म्हणजे विक्री झाली नाही तरी द्यायचीच? शिवाय कच्चा माल कंपनीकडूनच घ्यायची सक्ती असेल तर त्याचा भाव कोण ठरवतं, हेही बघावं लागतं. रॉयल्टी कमी ठेवून मालावर कमावणारे ब्रँड असतात.

‘तुमच्या एरियात दुसरं आउटलेट देणार नाही’ असं सांगितलंय. पुरेसं आहे का?

नकाशा जोडलेला नसेल तर नाही. ‘एरिया’ म्हणजे काय, हे ज्याला त्याला वेगळं समजतं. आणि आजकाल खरी स्पर्धा शेजारच्या आउटलेटपेक्षा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटची असते. तुमच्या प्रदेशातून आलेल्या ऑनलाइन ऑर्डरचा फायदा कोणाला, हे लिहून घ्या.

ब्रँडचं नाव खरंच त्यांचं आहे का, हे कसं कळणार?

ट्रेडमार्क नोंदवह्या बहुतेक देशांत ऑनलाइन खुल्या असतात. वकील पंधरा मिनिटांत तीन गोष्टी सांगेल: नाव नोंदलेलं आहे की नुसता अर्ज पडून आहे, तुमच्या धंद्याच्या वर्गात नोंदलंय का, आणि मालक तीच कंपनी आहे का जिच्याशी तुम्ही करार करताय. नाव संस्थापकाच्या व्यक्तिगत मालकीचं आणि करार भलत्याच कंपनीशी, असं बऱ्याचदा दिसतं. मग त्या दोघांमधला परवाना पाहायला मागा.

मास्टर फ्रँचायझीकडून, म्हणजे मूळ कंपनीकडून हक्क घेऊन पुढे फ्रँचायझी देणाऱ्या मधल्याकडून, घेत असाल तर हे दुप्पट लागू. मूळ कंपनीने मधल्याचा करार संपवला तर तुमचं काय? मूळ कंपनी तुम्हाला थेट सांभाळून घेईल, असं तिच्या सहीचं पत्र मिळालं तर घ्या.

भाडेकरार आणि फ्रँचायझी करार वेगवेगळ्या वकिलांना दाखवले तर चालेल?

चालेल, फक्त दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. सगळा घोळ तारखांमध्ये असतो. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि भाडेकरार नऊ वर्षांचा असेल, तर शेवटची चार वर्षं पाटी नसलेल्या दुकानाचं भाडं भरायचं. उलटं असेल तर करार चालू असताना जागा जाते, आणि जागा जाणं हा अनेक करारांत तुमचाच कसूर मानलेला असतो. काही कंपन्या भाडेकरार स्वतःच्या नावे घेऊन तुम्हाला पोटभाडेकरू ठेवतात. तसं असेल तर बाहेर पडताना जागेवरचा दावा सोडूनच द्यावा लागतो.

करार संपल्यावर त्याच जागेत स्वतःच्या नावाने तसाच धंदा करता येईल?

इथे देशोदेशी उत्तर वेगळं. भारतात करार कायद्याचं कलम 27 धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरवतं, त्यामुळे करार संपल्यानंतरची स्पर्धाबंदी सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला आणि त्यात फ्रँचायझीचाच करार होता. युरोपीय संघाच्या 2022 च्या नियमांत करारानंतरच्या बंदीला स्पर्धा कायद्यातून सूट हवी असेल तर ती एका वर्षाच्या आत, त्याच जागेपुरती आणि कंपनीचं ज्ञान जपण्यासाठी आवश्यक असावी लागते.

बंदी टिकली नाही म्हणजे सगळं मोकळं झालं असं नव्हे. पाटी, रंगसंगती, पॅकिंग, गुप्त पद्धती, ग्राहकांची यादी, कधीकधी फोन नंबरसुद्धा कंपनीचा असतो. यातलं काही वापरलंत तर बंदी नसतानाही मनाई हुकूम येतो.

लवादाचं कलम आहे, ठिकाण परदेशात. घाबरायचं का?

खर्चाला घाबरा. लवाद स्वतः वाईट नाही. पण ठिकाण लांबचं असेल तर छोट्या रकमेचा वाद तुम्ही लढणारच नाही, हे कंपनीला ठाऊक असतं. लवादाचा निवाडा परदेशात झाला म्हणून तो इथे चालत नाही, या भ्रमातही राहू नका. 1958 च्या न्यूयॉर्क कराराने असे निवाडे बहुतेक देशांत अमलात आणता येतात. ठिकाण आणि भाषा या दोन गोष्टी बदलून मागा. एकमेव पंच कंपनीच नेमणार असं लिहिलं असेल तर तेही. भारतात 2019 पासून सर्वोच्च न्यायालयाने वादाच्या निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाला अशी एकतर्फी नेमणूक करता येत नाही असं म्हटलं आहे, तरी जुने मसुदे तसेच फिरतात.

चालू आउटलेट दुसऱ्याकडून विकत घेतोय. वेगळं काही?

जुन्या मालकाच्या करारात किती वर्षं उरली आहेत ते आधी पाहा. कंपनीची लेखी संमती, हस्तांतरण शुल्क, आणि कंपनीचा आधी खरेदीचा हक्क (तुमच्याआधी आउटलेट स्वतः घेण्याचा) हे पुढचे मुद्दे. जुनी थकबाकी कोणाची, हे कंपनीकडूनच लेखी घ्या, विकणाऱ्याकडून नको. आणि विचारा, की नव्या मालकाला दुकानाचं नूतनीकरण करावं लागेल का. ते कलम शांतपणे बसलेलं असतं आणि खरेदीइतकाच खर्च आणतं.

वकीलफी कशी ठरवावी?

करार वाचून लेखी अभिप्राय देण्याची एकरकमी फी ठरवा, वाटाघाटींची वेगळी. अभिप्राय कलमांच्या क्रमाने न मागता धोक्याच्या क्रमाने मागा, म्हणजे चाळीस पानांऐवजी चार पानं येतील आणि तुम्ही ती वाचाल.

सही होऊन गेली आहे. आता वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि लवकर गेलात तर जास्त. पहिली गोष्ट म्हणजे माघारीची किंवा करार रद्द करण्याची मुदत कुठे चालू आहे का. वर सांगितलेल्या काही देशांत ती दिवसांत मोजली जाते. दुसरी, करारावर योग्य मुद्रांक शुल्क भरलंय का आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांची प्रत तुमच्याकडे आहे का. अनेकांकडे ती नसतेच, कंपनी ‘पाठवतो’ म्हणते.

नोटीस आली असेल तर उत्तर स्वतः लिहू नका. रागाच्या भरात पाठवलेल्या एका ईमेलमध्ये लोक थकबाकी कबूल करून बसतात. दुरुस्तीची मुदत किती दिवसांची आहे ते पाहा, ती नोटीस मिळाल्यापासून धरतात की पाठवल्यापासून तेही पाहा, आणि त्या मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर जाऊ द्या. दुकानाची पाटी वकिलाशी बोलल्याशिवाय उतरवू नका. पाटी उतरवणं म्हणजे तुम्हीच करार सोडला, असा अर्थ लावता येतो. पहिल्या भेटीला करार, हमीपत्र, भाडेकरार, पैसे भरल्याच्या पावत्या, विक्रीचे मासिक आकडे आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेने लावून न्या. आधीच्या इतर फ्रँचायझी घेणाऱ्यांची तीच तक्रार असेल तर त्यांनाही विचारा. एकाच वकिलाकडे पाच जणांनी जाणं स्वस्त पडतं, आणि पाच नोटिशींना कंपनीचं उत्तरही लवकर येतं.